मिनबाईंचा व्हिडिओ

हे आजवर कुणापाशी बोललो नाही. मुलापाशी नाही, देवापुढेही नाही. चौथी शिकलेला माणूस मी — पण माझा शब्द कधी कुणी खाली पडू दिला नव्हता. त्याचाच माज. दुसरं काय?

सिंगापूरला, बुकित बातोकमध्ये, मुलाकडे राहायला आलो. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. माझ्या हातात दिवसभर टॅब. उत्तर कोरियातून पळून आलेल्यांचे व्हिडिओ पाहायचो, हिंदीतले. रडणारी माणसं, मागे उदास वाद्यं. तिकडे लोक गवत खातात, कुणी हसत नाही — सगळं खरं धरलं. ब्लॉकखाली, म्हणजे आमच्या इमारतीखाली, बसणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना रोज ऐकवायचो. त्या देशात पाऊल ठेवलं नाही, आणि जाणकार झालो!

आमच्याच ब्लॉकमध्ये मिनबाई राहायच्या. त्याच देशातून जीव मुठीत धरून निघालेल्या. आपल्या मराठी मंडळींच्या मुलांना पियानो शिकवायच्या, माझ्या नातीलाही. त्यावरच त्यांचं घर चालायचं. सूनबाईने त्यांना दिवाळीच्या फराळाला बोलावलं. चकली मोडत त्या इंग्रजीत बोलत होत्या, सूनबाई आम्हाला मराठीत सांगत होती — उपाशी राहिलो, हो. पण सणाला आई गायची, शेजारपाजार नाचायचा, हसून हसून पोट दुखायचं.

शेजारचे जोशी म्हणाले, "काय आबा, तुमचा कोरिया वेगळाच दिसतोय!" सगळे हसले.

आणि मी — कसं सांगू? — मी म्हणालो, "ही तिकडची नाहीच. हिचं नाटक उघडं पडलं, तो व्हिडिओ मी पाहिलाय."

त्यांच्यासमोर म्हणालो, मराठीत. सूनबाईने ते त्यांना सांगितलं नाही.

असा व्हिडिओ नव्हताच. मी रचला.

व्हिडिओ म्हटल्यावर कोण पुरावा मागतो? नातीने तेवढा मागितला, 'दाखवा ना' असं इथल्या इंग्रजीत. "आजोबा, शो मी ला!" म्हटलं, त्यांनी काढून टाकला. गोष्ट घरोघर फिरली, मिनबाईंच्या कानावरही गेली. मग एकेका घरातली मुलं शिकवणीला जायची थांबली. नातीला तर मीच थांबवलं.

पुढे एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. त्यांच्या हातात सामानाची खोकी — घर सोडत होत्या. "अंकल, विच व्हिडिओ?" एवढंच विचारलं. रागाने नाही. जणू त्यांना खरंच पाहायचा होता. इंग्रजी येत नाही मला, पण तेवढं कळलं. खरं सांगायला बारा मजले होते. मी दाराकडे बघत उभा राहिलो. दार उघडलं, आणि त्यांच्या आधी मी बाहेर पडलो.