समेवर टिकणारा हेडफोन

बंद कपांचे दोन भारीतले हेडफोन विक्रेत्याने माझ्यासमोर ठेवले. "काका, यातून आवाजाचा थेंबही बाहेर येत नाही," तो म्हणाला. मी लगेच विलंबित ख्याल लावला.

पहिल्यात तानपुऱ्याची तार न् तार वेगळी ऐकू येत होती. पण वजन एवढं, की समेवर मी मान झुकवली तसा तो कपाळावर उतरला आणि चष्माही सोबत घेऊन आला. दुसऱ्यात डग्गा जरा जास्तच घुमत होता, पण गाद्या मऊ होत्या आणि मान कितीही हलवली तरी तो जागचा ढळला नाही. मी खुशीत "वा!" म्हणालो, तर सगळी गिऱ्हाईकं वळून बघायला लागली.

"म्हणजे घरी तू गाणं ऐकणार," सोबत आलेली बायको म्हणाली, "आणि मी नुसती तुझी दाद ऐकायची?"

मग तिने तो लावला. डोळे मिटले, समेवर हात अलगद उचलला. माझ्यापर्यंत एक सूरही पोचला नाही. तीस वर्षं आमच्या माना एकाच वेळी हलत आल्यात. दाद गवयाला द्यायची असते असं मी समजत होतो. ती बहुधा शेजारी बसलेल्यासाठी असते.

तिने डोळे उघडले, माझा चेहरा पाहिला आणि एक कप उलटा बाहेर फिरवला. "वाक जरा." मी कान टेकवला.

"असं ऐकलंत तर डग्ग्याचा बेस जाईल, काकू," विक्रेता म्हणाला.

"जाऊ दे."

पहिल्याचा कप असा फिरत नव्हता. आम्ही दुसरा घेतला.