झाडू पुढे धरून चालणारा

तुर्भ्याच्या त्या कारखान्यात उसाच्या मळीपासून स्पिरिट काढत. ते पेट्रोलात मिसळल्यानं देशाचं इंधन वाचतं, असं फाटकावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. मजुरांना युनियनची पत्रकं वाटायला मी भर दुपारी आत घुसलो. स्पिरिटच्या टाक्यांच्या मधल्या वाटेनं गावातलाच एक आगरी माणूस येत होता. शिंदीचा झाडू जमिनीला न टेकवता त्यानं पुढे धरला होता. पाऊल टाकण्याआधी तो झाडू डावीउजवीकडे फिरवायचा.

"काका, हवा झाडताय काय?" मी हसलो.

"ए पत्रकवाल्या, तितंच उबा ऱ्हा!" तो ओरडला. "स्पिरिटची आग उन्हात दिसत नाय. नळ गळून पेटला तरी कलत नाय. झाडू पेटला का समजायचं, म्होरं जायचं नाय."

मी होतो तिथंच थांबलो. समोर नुसतं ऊन होतं, आणि त्या उन्हाचीच मला भीती वाटू लागली. त्याच्या एका पोटरीची कातडी भाजून आक्रसली होती.

"मालकानं काय दिलं? एक झाडू?" मी चिडून विचारलं.

"मालकाचा कुटला? घरचा हाय. बायको बांधून देते."

माझ्या पत्रकात कँटीनच्या पाणचट चहावर अर्धं पान होतं. आगीवर एक ओळ नव्हती.

पत्रकांचा गठ्ठा न वाटताच काखेत मारून मी फाटकाकडे निघालो; मला सोडायला तो झाडू फिरवत पुढे झाला. पुढारी म्हणवणारा मी, त्याच्या मागून, त्याच्याच पावलांवर पाऊल ठेवत, झाडूच्या टोकावरची नजर न काढता.