भैयाजींचा दुसरा टेक

आम्हा चॅनलवाल्यांकडे किस्से कसे साठतात ते आधी सांगतो. बातमी एकदा गेली की फुटेज पुसायचं, कार्ड रिकामं करायचं, हा नियम. पण जे बातमीत गेलंच नाही ते डोक्यातून कोण पुसणार? मग यवतमाळात रेस्ट हाऊससमोरच्या टपरीवर आम्ही तिघं-चौघं बसलो की एक किस्सा निघतो, त्याच्यामागून दुसरा. हसता हसता मधेच कोणीतरी चहा अर्धा ठेवून उठतं. हल्ली तो बहुतेक मीच असतो.

मी कॅमेरामन. बंडूभाऊ बातमीदार. एका मोठ्या मराठी चॅनलसाठी आम्ही दोघं मिळून जिल्हा सांभाळतो. तो बोलतो, मी शूट करतो, अन् मोटारसायकल दोघांत एकच.

*

बाभुळगावकडे एका शाळेचं छत पडलं होतं. रविवार होता म्हणून पोरं वाचली. आम्ही धावत गेलो. हेडमास्तर, आया, भेदरलेली पोरं, सगळ्यांचे बाईट घेतले अन् मुंबईच्या डेस्कला पाठवले. दहा मिनिटांत फोन आला.

"कोणी गेलं का?"

"नाही जी, वाचले सगळे," बंडूभाऊ खूश होऊन म्हणाला.

"मग ठेवून द्या," डेस्क म्हणाला.

परत येताना फाट्यावर एक सभा लागली. भैयाजींची. तेव्हा त्यांना कुत्रं विचारत नव्हतं, ग्रामपंचायतीला दोनदा पडलेले. समोर पन्नासेक खुर्च्या, अर्ध्या रिकाम्या. पण बोलणं असं की ऐकून घाम फुटावा. गावात कोणाला राहू द्यायचं अन् कोणाला हाकलायचं, याची यादीच वाचत होते. बंडूभाऊ माझ्या कानाशी लागला, "टाईट ठेव बे. खुर्च्या येऊ देऊ नको."

मी टाईट ठेवलं. नुसता चेहरा अन् मूठ. डेस्कनं ते दुपारभर चालवलं.

तिसऱ्या दिवशी भैयाजींचा फोन आला, "तुमचं ते टाईटवालं लय भारी दिसलं राजेहो. पुढच्या सभेलेबी तसंच करा." पुढच्या सभेला टाईट करायची गरजच पडली नाही. खुर्च्या भरल्या होत्या, लोक मागं उभे होते. शाळेचं छत अजून तसंच आहे.

*

मग भैयाजींना डिबेटमध्ये बोलावणं सुरू झालं. डेस्क म्हणाला, बॅलन्स पाहिजे, समोर कोणीतरी समजूतदार माणूस आणा. बंडूभाऊनं एक रिटायर्ड गुरुजी शोधले. भला माणूस, चाळीस वर्षं इतिहास शिकवलेला. त्यांनी रात्रंदिवस बसून चार पानं काढली. इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीवरच्या डिबेटच्या चौकटीत बसले, म्हणजे माझ्या कॅमेऱ्यासमोर, त्यांच्याच ओसरीत.

भैयाजी पाऊण तास बोलले. गुरुजी बोट वर करून बसले, वर्गात पोरं बसतात तसे. शेवटी अँकर म्हणाला, "गुरुजी, थोडक्यात." गुरुजी म्हणाले, "नमस्कार," अन् जाहिरात लागली.

मी वायर गुंडाळत होतो तेव्हा त्यांची बायको आतून चहा घेऊन आली. "झालं का यांचं बोलून?" तिनं मला विचारलं. "मले भाकरीच्या नादात ऐकूच आलं नाही."

"झालं," गुरुजी म्हणाले, अन् ती चार पानं घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

*

आता रहीमचाचांचं सांगतो, कारण सगळं तिथंच येऊन पोहोचतं.

घाटंजीत चाचांची साउंड सर्व्हिस. माईक, मिक्सर, भोंगे, स्पीकरचे डब्बे. लग्न असो, भजन असो, मंत्र्याची सभा असो, आवाज चाचांचाच. आम्हा कॅमेरावाल्यांवर तर त्यांचे उपकार. कुठल्याही सभेत पोहोचलो की न सांगता मिक्सरमधून एक वायर काढून हातात देत. त्यामुळं आमच्या बातमीत भाषण असं स्वच्छ यायचं की डेस्क म्हणायचा, यवतमाळचा ऑडिओ ऐकून शिका. माईक तपासताना ते "हॅलो चेक" वगैरे म्हणत नसत. बाजारातल्या भाजीची यादी म्हणत. "वांगे. सांभार. कांदे. लसण." लसण म्हणताना शिट्टी आली नाही की माईक पास.

भैयाजींच्या सभांनाही माईक चाचांचाच असायचा. भैयाजी स्टेजवरून चाचांच्याच जातभाईंना शिव्या घालत, अन् चाचा खाली बसून बटणं फिरवत. कशासाठी, तर भैयाजींचा आवाज वरच्या पट्टीत फाटतो, तो गोड लागावा म्हणून. मला एकदा राहवलं नाही.

"चाचा, ऐकून राह्यले का तुम्ही, काय बोलून राह्यले ते?"

"आता आवाज ऐकून राह्यलो बेटा," चाचा बटणावरची नजर न काढता म्हणाले. "बोलणं घरी जाऊन ऐकतो."

*

लोहाऱ्याला एमआयडीसीत भैयाजींच्या एका कार्यकर्त्याचं गोडाऊन आहे. नवरात्राच्या तोंडावर तिथं त्यांची खास मुलाखत ठरली. बंडूभाऊनं प्रश्न टाकला, सणासुदीला लोकांना काय सांगाल? भैयाजी सावरून बसले.

"आपल्या सणाला त्यांचा बांगडीवाला नको. त्यांचा फळवाला नको. आपलं आपण पाहू."

नेमका तेव्हाच रस्त्यावरून ट्रक गेला अन् त्यानं हॉर्न दिला. माझ्या कानात हेडफोन. मी हात वर केला. सवयच ती, वीस वर्षांची. समोरचा काय बोलतो ते मी ऐकतच नाही, आवाज कसा येतो तेवढंच ऐकतो.

"भैयाजी, मागून हॉर्न आला. एकदा परत?"

"घ्या ना," भैयाजी म्हणाले. पाणी प्याले. टेबलावर आमचा माईक उभा होता, त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं तिथंच त्यांना सुचलं.

"आपल्या सणाला त्यांचा बांगडीवाला नको, त्यांचा फळवाला नको, अन् त्यांचा माईकवाला तर बिलकुल नको. आपल्या देवीची आरती काय त्यांच्या माईकवरून म्हणाची?"

मागं सगळं शांत. एक पक्षी ओरडला नाही. मी अंगठा दाखवला.

"एक नंबर," बंडूभाऊ म्हणाला. आम्ही दुसरा टेक पाठवला. चॅनलनं चालवला, मग सगळ्यांनी उचलला, मग मोबाईल-मोबाईलवर गेला.

*

घाटंजीच्या देवीच्या मंडळाला पहिल्या वर्षापासून चाचांचा माईक. नवरात्राच्या चार दिवस आधी मंडळाचा अध्यक्ष स्वतः त्यांच्या दारात आला. चाचांच्याच माईकवर त्याच्या लग्नाची मंगलाष्टकं झालेली. खाली मान घालून म्हणाला, "चाचा, यंदा राहू द्या. पोरं ऐकून नाही राह्यले."

"पोरायले कोनं सांगतलं?"

"टीव्हीवर आलं ना जी."

चाचांनी वाद घातला नाही. अध्यक्षाला म्हणाले, यंदाचा माईकवाला जो कोणी असेल, त्याला सांगा, पिंपळाच्या बाजूला डब्बा ठेवू नको, तिथं आवाज घुमतो.

त्यानं डब्बा पिंपळाच्या बाजूलाच ठेवला. पहिल्या आरतीला अशी शिट्टी वाजली की बायांनी कानांवर पदर धरले. मी आरती शूट करत होतो. फ्रेमच्या कडेला, रस्त्यापलीकडं, मला चाचा दिसले. उभे होते अन् उजव्या हाताची बोटं हवेत हळूहळू डावीकडं फिरवत होते. समोर बटण नव्हतं तरी. मी कॅमेरा देवीवर नेला.

मग एकेक करत लग्नांच्या ऑर्डरी गेल्या. एका भजनी मंडळानं निरोपही दिला नाही, परस्पर दुसरा माईक आणला. डब्बे ताडपत्रीखाली गेले.

*

बंडूभाऊला फार वाईट वाटलं, हे मी शपथेवर सांगतो. तो म्हणाला, आपण चाचांची स्टोरी करू, दुसरी बाजू दाखवू. चाचा नको म्हणत होते, बंडूभाऊनं गळ घातली. ताडपत्री काढून डब्ब्यांसमोर त्यांना उभं केलं. चाचा मोजकंच बोलले, "मी आवाजाचं काम करतो. दुसरं मले काही येत नाही."

डेस्कला स्टोरी आवडली. "मस्त आहे. पण बॅलन्स पाहिजे. भैयाजींची प्रतिक्रिया घ्या, लाईव्ह."

भैयाजी दहा मिनिटं लाईव्ह होते. चाचांचं ते एक वाक्य मधे एकदा दाखवलं. त्यानंतर घाटंजीत ज्या दोन-चार घरांनी अजून माईक सांगितला होता, त्यांनीही नाही म्हणून कळवलं.

आम्ही चाचांना भेटायला गेलो. बंडूभाऊला तोंड वर करवत नव्हतं. चाचांनीच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"दहा मिनिटं बोलले माह्यावर," ते म्हणाले. "मी एवढा मोठा होतो, मलेच माहीत नव्हतं."

*

दिवाळी झाली. एक दिवस दुपारी चाचा माझ्या घरी आले. घाटंजीहून एसटीनं, पहिल्यांदाच. बायकोनं पाणी दिलं, ते घोटभर प्याले अन् सरळ कामाचं बोलले.

"बंडूभाऊ त्या दिवशी बोलता बोलता बोलून गेला, की भैयाजी दोनदा बोलले म्हणून. पहिलं काही खराब झालतं म्हणे."

"हो."

"ते पहिलं हाये का तुह्यापाशी?"

होतं. सगळं पुसतो मी, हे पुसलं नव्हतं. पुसवलंच नाही. लॅपटॉप उघडला. मी स्पीकरवर लावत होतो, चाचांनी हात धरला. माझा हेडफोन मागितला, रुमालानं पुसला, कानांवर नीट बसवला.

"लाव."

मी लावलं. चाचांनी डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिलो. बांगडीवाला गेला, फळवाला गेला, ट्रक गेला, मधे माझा आवाज आला, अन् क्लिप संपली.

"अजून एकदा."

तीनदा ऐकलं त्यांनी. मग हेडफोन काढला. त्याची वायर साउंडवाले गुंडाळतात तशी, पीळ न पडू देता, बोटांवर गुंडाळली.

"याच्यात माईकवाला नाही," ते म्हणाले.

"नाही."

मी वाट पाहत होतो, की हा माणूस आता मला काहीतरी बोलेल. बोलावं, असं फार वाटत होतं. त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला.

"हॉर्न तं लय बारीक हाये बेटा," चाचा म्हणाले. "चालून गेलं असतं."