भिंगरीने गाडी घेतली ती गोष्ट

तिला निवांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवायला बसली तरी एक पाय उठायच्या तयारीत. माहेरी सगळे भिंगरी म्हणत; सासरी आली तर नाव तिच्या आधी येऊन बसलेलं. शाळेची मुलं नेणारी व्हॅन चालवायला लागून अकरा वर्षं झाली होती. सतरा मुलं, दोन फेऱ्या, आणि उशीर म्हणाल तर एकदाही नाही. मुलं मावशी म्हणत आणि वचकून असत.

त्या वर्षी शाळेने नियम काढला, बारा वर्षांपेक्षा जुनी गाडी एक तारखेपासून गेटच्या आत घ्यायची नाही. म्हणजे तिची, जुनीच विकत घेतलेली, व्हॅन बाद. नवी आणली नाही तर मुलं दुसऱ्याच्या गाडीत जाणार, आणि तो दुसरा गेटसमोर रोज कंगवा फिरवत उभाच असायचा. पतपेढीने कर्ज मंजूर करण्यातच महिना खाल्ला. वर्षभराची शिल्लक घालूनही ती नव्या व्हॅनच्या किमतीला पंचेचाळीस हजारांनी कमी पडत होती. महिन्याचे चार दिवस उरले होते. ते पंचेचाळीस हजार शोरूमवाल्याच्या घशातून काढायचे, एवढंच काम होतं.

आणि घासाघीस म्हणजे तिचा डाव्या हातचा मळ. तिला लांबून येताना पाहिलं की भाजीवाले भाव आधीच उतरवून ठेवत. तिची रीत ठरलेली होती. गरज दाखवायची नाही, वस्तूला नावं ठेवायची आणि पाठ फिरवून चालू लागायचं. दहा पावलांच्या आत मागून हाक येतेच.

पहिल्या शोरूममध्ये तिने व्हॅनला नावं ठेवली, सीटवर बोट दाबून नाक मुरडलं आणि उठली. दहा पावलं गेली. वीस गेली. हाक आली नाही. दारातून वळून पाहिलं तर सेल्समन खुर्चीत रेलून पेन फिरवत होता, जणू ती पाणी प्यायला निघाली होती. ती परत गेली, पुन्हा भांडली, पुन्हा उठली. तो नम्रपणे एवढंच म्हणाला की भाव हाच आहे, सावकाश विचार करा. ‘सावकाश’ हा शब्द तिच्या कानशिलात ठणकत राहिला.

दुसऱ्या शोरूमला तिने धाकट्या दिराला बरोबर घेतलं. तो गॅरेजमध्ये मेकॅनिक, गाडीची नस ओळखणारा. तिथला सेल्समन गोड होता. त्याने खुर्ची ओढून दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, “ताई, एक तारखेच्या आत हवी ना तुम्हाला? मग आजच बुक करून टाका. नंबर मिळायला दोन दिवस जातात.”

तारखेचं तिने इथे अवाक्षर काढलं नव्हतं.

बाहेर येऊन व्हॅनमध्ये बसताच ती दिरावर तुटून पडली. गाड्यांच्या धंद्यातले सगळे एकमेकांचे सोयरे, याच्या तोंडात तीळ भिजत नाही, घरचा भेदी तो हाच, असं काय काय बोलली. किल्ली फिरवायचीही विसरली.

“वहिनी, मी आत तोंड तरी उघडलं का?” दीर म्हणाला. “तुम्ही उघडू दिलंत का?”

“मग त्याला स्वप्न पडलं होतं का, भावजी?”

तो दार आपटून उतरला. गाडीला वळसा घालून तरातरा चालला होता, तो बॉनेटसमोर येऊन थबकलाच. काचेकडे पाहत राहिला. मग बोटाने तिला खाली बोलावलं.

समोरच्या काचेवर शाळेचा पास होता. पिवळा, वीतभर लांब, गेटवरच्या वॉचमनला लांबून दिसावा असा. त्यावर या महिन्याची शेवटची तारीख ठळक काळ्या आकड्यांत, आणि खाली लाल शिक्का: ‘नूतनीकरण नाही’. तो तिनेच चिकटवला होता, ओल्या फडक्याने दाबून, चारी कोपऱ्यांना टेप लावून. आतून तिला रोज दिसायची ती त्याची कोरी पाठ. आणि दोन्ही शोरूमच्या भल्यामोठ्या काचेसमोर तिने गाडी नाक लावून उभी केली होती, आतल्यांना वाचायला सोयीची.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. हिने तर आपली गरज कपाळावर चिकटवून गावभर फिरवली होती.

ती दिराला सॉरी म्हणाली नाही. ते तिच्या तोंडात बसत नव्हतं. पण गाडी सुरू केली ती त्याला गॅरेजच्या दारात सोडायला, उलट्या वाटेने, आणि वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

दुसऱ्या दिवशी दिराला पुन्हा बरोबर घेऊन तिसऱ्या शोरूमला जाताना तिने व्हॅन दोन गल्ल्या मागे, लाकडाच्या वखारीआड लावली. पास काढायची सोय नव्हती. त्याशिवाय दुपारी गेट उघडलं नसतं. सकाळची फेरी टाकून झाली होती, सुटायची वेळ साडेबारा. हातात तीन तास.

आत जाण्याआधी दिराला मागच्या आवारात धाडलं. तो बातमी घेऊन आला. राखी रंगाची एक व्हॅन कोपऱ्यात उभी आहे, धूळ बोटभर, दाराच्या पट्टीवर बनावटीची तारीख गेल्या वर्षीची. हा रंग कुणी घेत नाही.

मग ती आत जाऊन बसली. खरोखर बसली, सोफ्याला पाठ टेकून. सेल्समनच्या मागच्या भिंतीवर फळा होता. कुणी महिन्यात किती गाड्या विकायच्या आणि किती विकल्या याचा. समोरच्या पोराच्या नावापुढे सहा आणि चार. महिन्याचे दोनच दिवस बाकी. तिला उमगलं, इथे आणखी कुणाच्या तरी डोक्यावर तारीख टांगली आहे.

तिने किमतीचा कागद मागितला आणि पेन हातात घेतलं. सीट कव्हर, चटया, मडगार्ड खोडलं. हँडलिंगची रक्कम दिराने खोडायला लावली. शोरूमची गाडी शोरूममध्येच हाताळायला पैसे कसले? विमा बाहेरून काढेन म्हणाली. मग हळूच विचारलं, ती राखी गाडी किती दिवस ऊन खातेय?

पोरगा उठून मॅनेजरकडे गेला. आला. पुन्हा गेला. वीस हजार सुटले, मग तीस, मग अडतीस. साडेअकरा झाले. चहा आला, तिने तो बशीत ओतून थेंबाथेंबाने प्यायला.

“मावशी, तुम्हाला गाडी हवी तरी कधी आहे?”

“मला काय घाई?” ती म्हणाली.

टेबलाखाली तिचा पाय शिलाई मशीनवर असल्यासारखा हलत होता. दिराने त्यावर आपला बूट ठेवला आणि चेहरा ढिम्म ठेवून पंख्याकडे पाहत राहिला.

बाराला पाच कमी असताना पोरगा पंचेचाळीसवर आला. तिने लगेच हो म्हटलं नाही. एकतीस तारखेला नंबरासकट गाडी हातात, नाहीतर बुकिंगची पै अन् पै परत, असं कागदावर लिहून घेतलं, शिक्का मारायला लावला आणि मग सही केली.

पोरगा खूश झाला होता. त्याच्या नावापुढे चारचे पाच झाले होते. त्या खुशीत बोलून गेला, “मावशी, तासभर अजून बसला असतात ना, तर साहेबांनी आणखी पाच सोडले असते.”

ती उभी राहिली होती ती तशीच थांबली. सोफ्याकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं.

“तासभर बसले असते तर माझी सतरा पोरं गेटवर उन्हात उभी राहिली असती,” ती म्हणाली, आणि वखारीच्या दिशेने जवळजवळ पळतच सुटली. दीर मागे.

साडेबाराला दोन मिनिटं कमी असताना ती गेटवर होती. मुलं चढली, दप्तरं आदळली, भांडणं झाली. रूट वाचला होता, गाडी परवा येणार होती. आणि वळणावळणावर तिच्या डोक्यात तेच फिरत होतं: खरंच सोडले असते का पाच हजार, की मेल्याने जाता जाता चिमटा काढला?