फरशीखालची मोटार

आमच्या रस्त्यावर मोटारी विकायचं पहिलं दुकान माझ्या आजोबांनी काढलं. आज तिथंच माझं टायरचं दुकान आहे. पण आजोबांना स्वतः स्टेअरिंगला बसलेलं कुणी कधी पाहिलं नाही. "शेठ मोटारी विकत्यात, चालवत न्हाईत की!" म्हणून अख्खी गल्ली चेष्टा करायची. नवी गाडी नेताना चाकांखाली लिंबं ठेवणं, नारळ फोडणं, हे सगळेच करतात. आमचे आजोबा मात्र धोतर सावरत गुडघे टेकायचे, वाकून गाडीखाली बघायचे आणि मगच "जाऊ द्या" म्हणायचे. तेल गळतंय का बघत असतील, असं आम्हाला वाटायचं.

दसऱ्याला गाड्यांच्याही आधी हार पडायचा तो दुकानापुढच्या फरशीवर. का, ते कुणी सांगितलं नाही. आजोबांनंतर मीही गुमान घालत आले.

यंदा रस्ता रुंद करायला काढला. पुढची फरशी जाणार म्हटल्यावर अण्णांनी, माझ्या वडिलांनी, जेवणच सोडलं. "दुकान घेऊ दे सगळं, पण ती फरशी उकरू देऊ नको." मी चिडलेच. म्हटलं, दगडापायी जीव देताय व्हय?

जेसीबीचा दात खण्णकन वाजला. पाइप असेल, असं वाटलं. मातीतून आधी एक गोल दिवा वर आला, मग मडगार्ड, मग चाक. अगं आई गं! माझ्या दुकानाच्या दारात अख्खी मोटार पुरलेली!

अण्णा दारात खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "मला एक थोरला भाऊ होता. माझ्या जन्माआधीचा. नुकता चालायला लागला होता. ही मोटार इथं दारात आली आणि तुझ्या आजोबांनी ती मागं घेतली..."

अण्णांनी मातीतून वर आलेल्या चाकाकडे बोट केलं. मला कळायचं ते कळलं.

"आणि मला सांगितलं नाहीत? इतकी वर्षं हार घालतेय मी!" मी भर रस्त्यात ओरडले. ओरडता ओरडता रडायलाच लागले.

मुकादमानं मोटारीला साखळी अडकवली आणि ड्रायव्हरला ओढायची खूण केली.

"थांब रे!" अण्णा उठले. काठी बाजूला टाकून त्यांनी खड्ड्याच्या कडेला, चिखलातच गुडघे टेकले. खाली वाकले आणि मोटारीखाली नीट बघितलं.

मग म्हणाले, "जाऊ द्या."