शेंदराखालचा साक्षीदार

पडेगावच्या सोनाजी धनगराचा गोफणीचा नेम असा, की कणसावरचं पाखरू उडावं अन् कणीस हलू नये. पण त्या नेमानंच बिचाऱ्याचा घात केला, बघा.

भरदुपारी गावच्या जमीनदार आप्पासाहेबांचा बैल बांधावर चरत होता, सोनाजी पलीकडं मेंढरं राखत होता. ढग नसताना आभाळ गडगडलं अन् मुठीएवढा काळा दगड बैलाच्या कपाळात बसला. बैल जागीच गार. चराईवरून आदल्या दिवशीच सोनाजीची अन् आप्पासाहेबांची जुंपलेली.

"म्हणं आभाळातून पडला! गोफण कुणाच्या हातात होती?" असं म्हणत आप्पासाहेबांच्या माणसांनी सोनाजीला बेदम बडवलं.

त्यानं दगड तेवढा उराशी धरून घरी आणला. "बाने, शहरात आता विद्यापीठ निघालंय. तिथं दावतो. शिकलेली माणसं खरं सांगतील."

त्याची बायको बानाबाई तोवर शेंदूर-तेल घेऊन बसलेली. आभाळातनं देव घरी चालून आलेला! "देवाला कुठं साक्ष द्यायला नेत्यात व्हय? खुळे का काय तुमी? तो बघून घेईल." तिनं दगड देवळीत बसवला. सोनाजीचं शहरात जाणं राहूनच गेलं. लोक त्याला 'बैलमाऱ्या' म्हणायचे. त्यानं गोफण पुन्हा हातात धरली नाय अन् तोच डाग घेऊन मेला.

लई वर्षांनी विद्यापीठातल्या एका सरांच्या कानी हे गेलं. त्यांनी शेंदराचे पोपडे काढून टवका नेला, तपासून परत आले. "आजी, आभाळातलाच आहे. प्राणवायूत हलके-भारी प्रकार असतात. इथल्या दगडांत त्यांचं प्रमाण एक, याच्यात निराळंच. पृथ्वी घडायच्या आधीचा आहे हा."

म्हातारीचे डोळे भरले. "मंग तसं लिहून द्या की! त्याच दुपारी पडला म्हणून. माझा धनी खरं बोलत व्हता."

सर घुटमळले. "कधी पडला ते सांगणारे कण असतात, पण ते थोड्या काळात विझून जातात. तेव्हाच आणला असता तर..."

पुढचं तिला ऐकूच आलं नाय. ती आपल्या हाताकडं बघत राहिली.

देव आभाळातलाच, ही बातमी गावभर झाली अन् पुढच्या अमावस्येला दारात ही गर्दी! काठी टेकत आप्पासाहेबही आले, नारळ फोडला, देवळीपुढं डोकं टेकवलं.

"जागृत देव हाय, बानाबाई," ते म्हणाले. "अन् तुझ्या सोन्यानं रानात घावलेला असा देव गोफणीत घातला!"

देव खरा ठरला, धनी खोटाच राहिला. बानाबाईनं पदर तोंडाला लावला अन् आप्पासाहेबांच्या हातावर खोबरं ठेवलं.