सरकीच्या पोत्यावरची नणंद

एकसष्टाव्या वर्षी, म्हणजे तशी पोरसवदाच असताना, मी सरकीच्या पोत्यावर उभी राहून दोन्ही हातांनी पाच-पाच किलोंचे पिठाचे डबे उचलले आणि शेजारी वाळत घातलेल्या मुगवड्यांवर आडवी झाले. जमिनीवर उचलते तेवढंच वजन पोत्यावर उचललं की ताकद दुप्पट वाढेल, असा माझा शहाणपणा! पोत्याचं खूळ अर्थात माझ्या अकोल्याच्या धाकट्या नणंदेचं. जगातली एकही स्थिर वस्तू या बाईला बघवत नाही.

शाळेत मुलींना खेळ शिकवून निवृत्त झालेली ही बाई दात घासते ती एका पायावर. फोनवर बोलते ती उशीवर उभी राहून. ऐकणाऱ्याला वाटावं, बैलगाडीतून बोलून राहिली. जावई पहिल्यांदा घरी आले, तर खुर्चीऐवजी हवेचा मोठा चेंडू पुढे केला. "बसा जावईबापू, पोटाचे स्नायू जागे होतात." स्नायूंचं माहीत नाही, पण पोहे जागे झाले आणि थेट सदऱ्यावर जाऊन बसले.

त्या वर्षी भातकुलीकडच्या आमच्या वावरात मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरले, आणि मुलानं फर्मान काढलं, "आई, आता वावरात येणं बंद." माझा जेवणावरचा जीवच उडाला. हे कळताच बाई अमरावतीला आली आणि तिनं मला पोत्यावर चढवलं, रिकाम्या हातांनी. डबे ही माझी भर.

मी पडले, तेव्हा तिनं आधी वड्या वेचल्या, मग मला उचललं. "वहिनी, काहून घाई करता? हालत्यावर तोल शिकाचा, पक्क्यावर जोर वाढवाचा. पोतं हाललं का सारा जीव सावरण्यातच जाते, वजन उचलाले उरते काय?"

मग डबे फरशीवर आणि पोत्यावर नुसती मी, असं सहा महिने चाललं. शेवटी काठीशिवाय अख्खा धुरा चालून दाखवला. पलीकडे हाताची घडी घालून उभा असलेला मुलगा एवढंच म्हणाला, "ये मंग."

त्याला आता बारा वर्षं झाली. यंदा बाई तूर पाहायला आली. मी पुढे, ती मागे. धुऱ्याच्या मध्यावर माझा पदर ओढला गेला. मागे न बघताच मी चिडवलं, "काय बाई, हालत्यावर तोल ना?" पदर काही सुटेना. वळून मी हात पुढे केला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि हळूच म्हणाली, "वहिनी, सोडू नका. धुरा नाई हालून राहिला, मीच हालून राहिली."